न पुसलेलं पाणी

सकाळी स्वयंपाकघरात पाय टाकला आणि मोजा चिंब झाला. फ्रिजच्या खालून पाणी येऊन सिंकपर्यंत पसरलं होतं. मेलं, आता हेही बिघडलं, असं पुटपुटत मी फडकं घेऊन वाकले आणि तशीच वाकलेली राहिले. पाण्यातून पावलं बाहेर पडली होती. टेबलाला वळसा घालून, बोळातून, थेट कात्सुयाच्या दारापर्यंत. अनवाणी, मोठी, अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब. दाराशी पोचेपर्यंत पाणी संपत आलं होतं, तिथे नुसती टाच उरली होती. कात्सुया माझा मुलगा. पन्नाशीला टेकलाय. दहा-अकरा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कामावरून आला, बूट काढून नीट जुळवून ठेवले, खोलीत गेला, आणि त्यानंतर मी त्याला पाहिलेला नाही. म्हणजे तो बाहेर येतो, नाही असं नाही. पोट आहे, संडास आहे, न्हाणीघर आहे. मी निजले की येतो, किंवा सकाळी मी दातांच्या दवाखान्यात झाडलोटीला जाते तेव्हा येतो. मला चाहूल लागते, पण उठून समोर गेलं की मग तो दोन-दोन दिवस जेवत नाही. हे मी करून बघितलंय, म्हणून पडून राहते. पूर्वी लोक विचारायचे, सल्ले द्यायचे, कुठल्या कुठल्या डॉक्टरांची नावं सांगायचे. आता कोणी विचारत नाही. त्याचे केस पिकलेत का, तो सुटलाय की वाळलाय, मला काही म्हणता काही माहीत नव्हतं. आणि आज त्याचे पाय समोर. मी फडकं बाजूला ठेवलं आणि खुर्ची ओढून बसले.

ते लांब बोट त्याच्या बापाचं. हे बोट लांब असलं की पोरगं बापाच्या वर जातं असं आमच्याकडे म्हणतात, आणि इवाओला, माझ्या नवऱ्याला, त्याचा केवढा अभिमान. पाळण्यातल्या पोराचा मोजा काढून पाहुण्यांना दाखवायचा. मी म्हणायची, अहो, थंडी आहे, झाका ते. जरा मोठा झाल्यावर कात्सुया उन्हाळ्यात न्हाणीतून निसटून तसाच ओला घरभर पळायचा, चटयांवर पावलं उमटायची आणि इवाओ ओरडायचा, चटया कुजतील! शाळेचे पांढरे बूट घ्यायला जायचो तेव्हा मी बुटाच्या टोकावर अंगठा दाबून बघायची, आत बोट लागतंय का, आणि तो वर मान करून माझ्याच तोंडाकडे बघत राहायचा, जणू काही मी पास-नापास सांगणार. आता ह्या पावलांना कुठला बूट लागत असेल? सत्तावीस सेंटिमीटरचा? अठ्ठावीसचा? दारातल्या कपाटात त्याचे ते जुने बूट अजून आहेत. मी दर वर्षी पॉलिश करते. कशासाठी करते, विचारू नका. खिडकीतून ऊन आलं, बोळातली पावलं आधी गेली, मग टेबलाजवळची. शेवटी नुसतं पाणी राहिलं, फ्रिजचं, आणि मला दवाखान्यात जायला उशीर झाला होता.

तर हा फ्रिज. आम्हा दोघांचं जे काही बोलणं आहे ते ह्याच्यातून चालतं. मी रात्री डब्यात भात, वर भाजलेला बांगडा, वाटीत पालक, कधी मुळ्याचं लोणचं असं ठेवते. सकाळी डबा धुऊन पालथा घातलेला असतो. बांगडा आवडला की काटेसुद्धा चाटून-पुसून साफ. वांगं शिल्लक राहिलं की समजायचं, नको. इवाओ गेला त्या आठवड्यात डबे तसेच राहिले होते. बापाच्या अंत्यविधीला तो बाहेर आला नाही. मी दारावर हात मारमारून थकले, शेवटी नातेवाइकांनी मला धरून खाली नेलं. परत आले तर फ्रिजमध्ये बापाची अर्धी बिअरची बाटली होती ती रिकामी होऊन सिंकपाशी उभी. मी ती बाटली धुतली. सुरुवातीला चिठ्ठ्याही ठेवून पाहिल्या मी, डब्याच्या झाकणावर. हलायच्यासुद्धा नाहीत. मग सोडून दिलं. माणसाला सवय होते हो, कशाचीही होते. फ्रिज उघडायचा, बघायचं, खाल्लंय, म्हणजे आहे. बंद करायचा.

दुपारी येताना मुनेताच्या दुकानात शिरले. स्टेशनच्या बाजूला विजेच्या सामानाचं जुनं दुकान आहे त्याचं. हा फ्रिज इवाओनं त्याच्याकडूनच घेतलेला. मुनेता म्हणजे तोंडाचा फटकळ. 

"येऊन बघतो ना उद्या," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

"नको, नको. तुम्ही कशाला चार जिने चढता? काय करायचं ते सांगा, मी करते."

"हामाझाकी-सान, मी अजून मेलेलो नाही. चार जिने चढतो मी."

"घरात पसारा आहे हो."

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याला माहीत आहे, सगळ्या वसाहतीला माहीत आहे, पण पसारा म्हटल्यावर पसाराच. परक्या माणसाचा आवाज घरात आला की काय होतं ते मला माहीत होतं. गॅसवाला मीटर बघायला आला होता तेव्हा आतून श्वासाचासुद्धा आवाज येईना, आणि पुढे किती तरी दिवस डबे तसेच.

"बरं, ऐका मग," मुनेता म्हणाला. "आतल्या मागच्या भिंतीला खाली एक भोक असतं. बर्फाचं पाणी त्यातून खाली जातं. ते तुंबलंय. प्लग काढा, सगळं बाहेर काढा, बर्फ वितळू द्या. मग सॉसची ती दाबायची बाटली असते ना, त्यात कोमट पाणी घेऊन भोकात मारा. कोमट! उकळतं ओताल नाहीतर, आणि मग फुटलं म्हणून माझ्या नावानं शंख कराल."

"कळतं मला."

"तुम्हाला सगळं कळतं. इवाओपण असंच म्हणायचा."

घरी येऊन मी बाटली धुतली, पाणी कोमट केलं, फडकी काढली, बाही वर केली. आणि फ्रिजसमोर उभी राहून उगाचच पाणी थंड होऊ दिलं. आज नको, उद्या करू. रात्री त्याला भात जास्त लागला तर, म्हणून सगळं बाहेर काढायला नको. आजच दूध आणलंय. असं स्वतःलाच काहीबाही सांगत होते. खरं काय ते मला माहीत होतं. उद्या सकाळी पावलं दिसायला हवी होती.

आणि दिसली. परवाही दिसली. मी तर हावरीच झाले. पायपुसणं उचलून गॅलरीत नेऊन ठेवलं, म्हणजे त्यावर पाय पुसले जायला नकोत. निजताना पाणी किती साचलंय ते बघायची. सकाळी डोळा उघडला की छातीत धडधड, तरुणपणी कोणाला भेटायला जाताना झाली नसेल इतकी. मग दबकत जायचं, टेबलाच्या कडेनं, त्यांच्यावर आपला पाय पडू न देता. एका सकाळी पावलं फ्रिजसमोरच होती, दोन, शेजारी शेजारी, बाहेर निघालेलीच नाहीत. खूप वेळ उभा असणार. कशाला उभा राहिला असेल? भूक लागली नव्हती का? की दार उघडून आतल्या उजेडात नुसता बघत होता? मीही तिथेच जाऊन उभी राहिले, माझे पाय त्याच्या पावलांच्या आत ठेवून, आणि दार उघडलं. दही, अंडी, टोफू, कालचा डबा. काही कळलं नाही. पण बरं वाटलं. लाज वाटली आणि बरंही वाटलं.

पुढच्या सकाळी पाण्यावर टॉवेल अंथरलेला. त्याचा जुना निळा टॉवेल, नीट घडी करून, फ्रिजच्या पायाशी दाबून बसवलेला. सगळं पाणी त्यानं पिऊन टाकलं होतं. एकही पाऊल नाही! मला इतका राग आला, की मी तो टॉवेल उचलला, पिळला आणि वाळत टाकला. त्यानं पुन्हा घातला, मी पुन्हा काढला. मग एकदा फ्रिजखाली उथळ परात सरकवलेली दिसली. ती मी धुऊन जागच्या जागी कपाटात ठेवली. आमच्यात एवढी बाचाबाची कित्येक वर्षांत झाली नव्हती. मला तर गंमतच वाटायला लागली होती. वाटायचं, बघ, तोही चिडत असेल आत, चिडू दे, चिडतोय म्हणजे जिवंत आहे. त्याच्या बाजूनं हे सगळं कसं दिसत असेल, ते माझ्या मनातही आलं नाही.

एवढ्यात बाजारात मुनेता भेटला. "काय, झालं का काम?" मी म्हटलं, करते. "अजून नाही? अहो, काँक्रीट पाणी पितं. खालच्या इसोबे-सानच्या छतातून टपटप सुरू झाली की मग काय करणार आहात?" हे ऐकून मात्र मी गार पडले. खालच्या बाईच्या घरात आपल्या घरचं पाणी! आमच्या वसाहतीत आवाज, वास आणि पाणी ह्या तीन गोष्टींवरून माणसाचं नाक कापलं जातं. खालून तक्रार यायच्या आधी आपण खाऊचा खोका घेऊन खाली जायचं, माफी मागायची, एवढी रीत तर पोराटोरांनाही माहीत असते. गुरुवारी दवाखान्यातून येताना मोठ्या दुकानातून तांदळाच्या खाऱ्या बिस्किटांचा खोका घेतला, त्यांच्याच कागदात बांधून घेतला, आणि घरी न जाता तिसऱ्या मजल्यावर इसोबे-सानची घंटी वाजवली.

इसोबे-सान माझ्याहून थोडी मोठी, एकटी, जरा बडबडी. दार उघडल्याबरोबर मी कंबरेत वाकले. "फार त्रास दिला हो तुम्हाला, आमच्या फ्रिजचं पाणी..."

"अगंबाई, पुन्हा?" ती म्हणाली.

मी तशीच वाकलेली. "पुन्हा म्हणजे?"

"अहो, हामाझाकी-सान, तुमचा मुलगा येऊन गेला ना सोमवारी! आणि पाणीबिणी काही नाही, माझं छत खडखडीत कोरडं आहे, त्यालाही मी तेच दाखवलं. या, आत या, अशा पांढऱ्या का पडलात?"

मी आत गेले की नाही, बूट काढले की नाही, मला आठवत नाही. बसलेली होते खरी, समोर चहा होता. इसोबे-सान सांगत होती. सोमवारी सकाळी घंटी वाजली. दारात काळा सूट घातलेला माणूस, बाह्या आखूड, केस मागे बांधलेले, बरेचसे पांढरे. "मला वाटलं, वसाहतीत कोणी गेलं आणि सांगायला आलेत." तो इवाओचा सूट. अंत्यविधीला घालायचा. कात्सुयाकडे बाहेर जायचे कपडेच नाहीत. "आणि हातात खोका! वर माझ्याच नावाची चिठ्ठी. मागच्या उन्हाळ्यात मीच तुम्हाला दिलेला तो, शेवयांचा. कागदसुद्धा सोडलेला नाही." ती हसायला लागली, डोळ्यांना रुमाल लावून हसली. "मी काही बोलले नाही हो. दोन्ही हातांनी घेतला. पोरानं किती घाम गाळला होता तो खोका धरून."

मीही हसले बहुतेक. तोंड हसत होतं. आत मात्र काहीतरी फिरत होतं, धड आनंद नाही, धड दुसरं काही नाही. जिना उतरला. माझ्या घराचं दार उघडून, बूट घालून, मी पॉलिश केलेले ते बूट घालून, एक जिना उतरून तो ह्या बाईशी बोलला. ह्या शेवयावाल्या बाईशी! तिच्या दारात उभं राहायला त्याला पाय होते, आणि माझ्या खोलीपर्यंत, सहा पावलांवर, ते आले नाहीत. माझ्या मनात आलं ते हे असं आलं, काय करू.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

इसोबे-सान हसायची थांबली. कपाची कड पुसत बसली. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"सांगा हो."

"तो पाण्याचं सांगायला आलाच नव्हता खरं तर. तुमचं विचारायला आला होता. म्हणाला, आई आताशा पाणी सांडलेलं पुसत नाही. मी टॉवेल घातला की काढून टाकते. परात ठेवली की उचलून ठेवते. पायपुसणं गॅलरीत नेऊन टाकलं. एरवी ती अशी नव्हती, एक थेंब सहन व्हायचा नाही तिला. आणि मग..." तिनं कप खाली ठेवला. "म्हणाला, तुमच्याशी बोलताना ती नीट बोलते का? माणसं ओळखते का?"

मी चहाकडे बघत होते. चहात काही नव्हतं.

"मी म्हटलं, अरे, मला तर काही जाणवलं नाही. तरी माझ्या सासूला विसर पडायला लागला होता तेव्हाचं सांगितलं त्याला, कुठे फोन करायचा, डॉक्टर कसे साधे साधे प्रश्न विचारतात, वार कुठला, ऋतू कुठला. मी विचारलं, एरवी तब्येत कशी आहे आईची? तर म्हणतो, खाणं ठीक आहे, रोज सकाळी दह्याची वाटी संपलेली असते. अंडं मात्र आताशा एक दिवसाआड खाते." इसोबे-साननं माझ्या कपात आणखी चहा ओतला. "इतकं बघतो तो, हामाझाकी-सान. मला कोणी इतकं बघत नाही."

वर आले ती रागानं पेटून. वेडी? मी वेडी? सत्तर ओलांडली तरी दवाखान्यातल्या सगळ्या खुर्च्या मी पुसते, औषधांच्या बाटल्या उचलून जागच्या जागी ठेवते, कधी एक इकडची तिकडे झालेली नाही. तडक प्लग काढला. दही, अंडी, टोफू, सगळं टेबलावर. मागच्या भिंतीवर बर्फाची साय धरली होती, तिला गरम फडकी लावली, पिळली, पुन्हा लावली. दुपार गेली त्यात. गुडघे बोलायला लागले. भोक सापडलं, काळं, पालकाच्या देठानं आणि कसल्याशा बुळबुळीत घाणीनं बंद. तारेनं ओढून काढलं. बाटलीत कोमट पाणी घेऊन दाबलं. पहिल्यांदा उलटं अंगावर आलं, दुसऱ्यांदाही आलं, तिसऱ्यांदा आत काहीतरी सुटलं आणि पाणी गटगट करत खाली गेलं. मी मोठ्यानं म्हणाले, "झालं!" कोणाला ऐकवायचं होतं ते उघडच आहे. प्लग लावला, फ्रिज गुरगुरला. सगळं आत ठेवलं. मग जमीन पुसली, एकदा ओली, एकदा कोरडी, फ्रिजच्या पायांमागेसुद्धा. पायपुसणं आणून घातलं. ये म्हणावं आता, बघ म्हणावं. आई ठणठणीत आहे तुझी.

खुर्चीत बसले तेव्हा संध्याकाळ व्हायला आली होती. जमीन कोरडी, लखलखीत. तिच्याकडे बघता बघता हळूहळू माझ्या डोक्यात शिरलं की मी काय करून बसले. इतक्या वर्षांत त्याला कशानं बाहेर काढलं नाही, डॉक्टरांनी नाही, बाप मेला तेव्हा नाही, माझ्या रडण्याओरडण्यानं तर नाहीच. काढलं ते ह्या पाण्यानं. माझी आई बिघडत चालली आहे, आता माझ्याशिवाय तिला कोणी नाही, ह्या भीतीनं. आज रात्री तो येईल, कोरडी जमीन बघेल, सुटकेचा श्वास टाकेल आणि आत जाईल. आणि मग मी मरेपर्यंत आत. मला त्या फ्रिजला धरून हलवावंसं वाटलं, लाथ घालून फोडावंसं वाटलं. उठले, बोळात गेले, कशाला गेले माहीत नाही, हातात फडकं तसंच. त्याच्या दारासमोर उभी राहिले. रोज असते तशी आतून शांतता.

"आई."

मला वाटलं, भास झाला. जाडा, खरखरीत, वापर नसलेला आवाज. थोडासा इवाओचा. दाराच्या अगदी पलीकडून, म्हणजे तो दाराला लागून उभा होता.

"काय रे?" माझा आवाज नीट निघाला, कसा कोण जाणे.

मग घसा खाकरल्याचा आवाज. "आई, आज वार कोणता?"

साधा प्रश्न. पोरानं तो म्हणायची तालीम केलेली असणार, कळत होतं मला. गुरुवार होता. गुरुवारी प्लास्टिकचा कचरा नेतात, सकाळी मीच पिशवी खाली ठेवून आले होते, कावळ्यांनी फाडू नये म्हणून वर जाळीही ओढून घातली होती. गुरुवारी दवाखान्यात लहान मुलं येतात. गुरुवार माझ्या जिभेच्या टोकावर होता. मी तो म्हटला की पलीकडचा माणूस हायसं वाटून मागे सरकणार होता, एक पाऊल, दोन पावलं, खुर्चीपर्यंत. मी डोळे मिटून घेतले.

"वार?" मी म्हणाले. "रविवार ना रे? बाबा आहेत ना घरी."

मग आतली कडी निघाली. आता रोज काही ना काही चुकावं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात आलं, आणि मी हातातलं फडकं पाठीमागे लपवलं.